मदत हवी आहे: बहिणीच्या बायोडाटातला फोटो आणि नंबर वापरून कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण पुण्यात नोकरीला आहे, आईबाबा गावी, सांगली जिल्ह्यात. गेल्या वर्षी तिच्यासाठी स्थळं बघायला लागलो तेव्हा रीतसर बायोडाटा केला, वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, नाडी, गण, कुलदैवत, मामांचं गाव, बाबांची बाग किती एकर, तिचा पगार, घरचा पत्ता, सगळं सगळं. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, सगळे असंच करतात. आत्यानं तो पीडीएफ एका वधूवर ग्रुपवर टाकला आणि तिथनं तो कुठं कुठं गेला देव जाणे. पुढं तिचं ठरलं, साखरपुडा झाला, लग्न दोन महिन्यांवर आलंय, आणि बारा दिवसांपूर्वी तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीनं तिला एक लिंक पाठवली. तिच्याच नावाचं अकाउंट, तिचाच फोटो, खाली तिचा मोबाईल नंबर आणि एक अशी ओळ की इथं लिहवत नाही. त्याच रात्री साडेअकराला पहिला फोन आला. उचलला की समोरचा एकदम "आज जमेल का" म्हणून विचारतो. एका रात्रीत २३ फोन, मी मोजलेत, तिच्या शेजारीच झोपले होते तेव्हा.

फोटो बायोडाटातलाच आहे हे नक्की. माझ्या लग्नातला आहे तो, अबोली साडीतला, तिच्या खांद्यावर आईचा हात होता, तो मीच कापला होता मोबाईलवर आणि कापताना कोपऱ्यात आईच्या दोन हिरव्या बांगड्या राहून गेल्या. खोट्या अकाउंटवर पण त्याच दोन बांगड्या आहेत! आणि नंबरचं म्हणाल तर पहिल्या बायोडाटात बाबांचा नंबर होता, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून दुसरा केला त्यात हिचा टाकला, आणि तो दुसरा फक्त तीन ठिकाणी गेला: आत्याचा ग्रुप, मिरजेच्या एक काकू ज्या स्थळं सुचवतात, आणि एक घर ज्यांना आम्ही पत्रिका जुळत नाही म्हणून नाही कळवलं. (पत्रिका वगैरे सांगायचं कारण, खरं कारण मुलाचं बोलणं.) त्या मुलाची आई तेव्हा फोनवर "बघू कुठलं राजघराणं मिळतंय ते" असं म्हणाली होती. त्यामुळे आमचा सगळ्यांचा संशय तिकडेच.

आत्तापर्यंत काय केलं तर आम्ही चौदा जणांनी मिळून त्या ॲपवर रिपोर्ट केलं, दोन दिवसांनी उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. ग्रुपच्या ॲडमिन काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो ताई, बायोडाटा तुमच्याच माणसांनी दिला ना, आता आठशे लोकांच्या मोबाईलमधनं मी कसा काढू?" चिडले, पण त्यांचंही खरंच आहे म्हणा. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतो, बाकीचं सायबरला जाऊन बघा. बाबांचं म्हणणं नंबर बदल आणि गप्प बस, बोभाटा नको. चुलतभाऊ उलट टोकाला, त्या मुलाचा फोटो आणि नाव फेसबुकवर टाकतो म्हणून बसलाय, पोस्ट लिहून तयार आहे.

तर एनसीवर थांबावं का एफआयआर होतो, अकाउंट आधी बंद करून घ्यावं का पुरावा जाईल म्हणून राहू द्यावं, ॲडमिनवर काही करता येतं का, आणि तो नवीन डेटाचा कायदा आलाय म्हणतात त्यात हा फिरणारा पीडीएफ थांबवता येईल का? होणाऱ्या सासरी अजून सांगितलेलं नाही. प्लीज लवकर सांगा.

— तिची ताई

कोकमसरबत: बाकीचं जाणकार सांगतीलच, पण आधी त्या भावाच्या हातातनं मोबाईल काढून घ्या. खरंच.

सव्वा रुपया: बागेचे एकर आणि पगार लिहिलेला कागद आठशे लोकांत फिरवायचा आणि मग प्रायव्हसी शोधायची. असो.

कोकमसरबत: @सव्वा रुपया, तुमच्या घरातल्या बायोडाटावर काय लिहिलं होतं हो?

गावठी मिरची: आयटी ॲक्टचं ६६ ए लावा म्हणावं त्याला, सरळ होईल. आमच्याकडे एकाला त्यातच उचलला होता.

काळा कोट: ६६ ए, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम, आता नाही. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पकडलं होतं आठवतंय का, एकीनं लिहिलं आणि दुसरीनं फक्त लाइक केलं, तेव्हापासून तो विषय पेटला आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरी ठाण्यांमध्ये ते लावत राहिले, कोर्टाला २०२१ मध्ये परत कान उपटावे लागले. तुमच्याकडे कधी उचलला होता ते बघा.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी कोर्टात काम करतो पण तुमचे कागद बघितलेले नाहीत, तेव्हा स्थानिक वकिलाला दाखवाच. दुसऱ्याची ओळख वापरून खोटं अकाउंट काढलं की पोलीस साधारण आयटी ॲक्टचं ६६ सी (ओळखचोरी) आणि ६६ डी (तोतयेगिरी करून फसवणूक) लावतात, दोन्हीत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिवाय बाईच्या अब्रूला धक्का लागेल असं लिहिलंय म्हणून भारतीय न्याय संहितेचं ७९. हे सगळे दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असे) गुन्हे आहेत, म्हणजे एनसीवर भागवायचा विषयच नाही, आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घेतलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. सायबरला जा म्हणतात त्यामागे एक कारण असतं, आयटी ॲक्टखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही (कलम ७८), त्यामुळे ड्युटीवरचे हवालदार अंग काढून घेतात. पण तपास कोण करणार आणि तक्रार कोण नोंदवणार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहीण पुण्यात, तुम्ही गावी, आरोपी कुठला ते माहीत नाही, तरी हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर आता नागरिक सुरक्षा संहितेत १७३ कलमातच लिहिलाय. आणि ७९ खालची फिर्याद बहीण स्वतः द्यायला गेली तर ती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते, हे तिथं शांतपणे म्हणून दाखवा, फरक पडतो.

तरी घेत नसतील तर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोच अर्ज एसपींना पोस्टानं पाठवा. तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

भावाला सांगा की बदनामी न्याय संहितेच्या ३५६ मध्ये अजून गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत. त्या मुलानंच केलंय हे सिद्ध करायला तुमच्याकडे आज काय आहे? दोन बांगड्या. त्या एवढंच सांगतात की फोटो बायोडाटातला आहे. दुसरा पीडीएफ आठशे जणांकडे आहे, त्यातला कुणीही असेल, मिरजेच्या काकूंनी पुढं कुणाला धाडला असेल. संशय फिर्यादीत लिहा, तिथं ती त्याची जागा आहे, कारणासकट लिहा. फेसबुकवर टाकलंत तर उद्या तेच लोक फिर्यादी आणि तुम्ही आरोपी.

ओसरीवरचा इंजिनियर: स्क्रीनशॉट काढलेच असतील पण अकाउंटची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवलीत का? नाव बदललं की नुसता स्क्रीनशॉट आंधळा होतो. शक्य तर दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढा, लिंक उघडताना, खाली स्क्रोल करताना, तारीख वेळ दिसेल असा. ज्या फोनवर कॉल आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कॉल लॉग पुसू नका.

रिपोर्टचं म्हणाल तर चौदा जणांनी केलं काय आणि चारशे जणांनी केलं काय, ते मतदान नसतं. बहुतेक सगळ्यांनी स्पॅम किंवा अश्लील असं काहीतरी निवडलं असणार. बहिणीनं स्वतः "माझी तोतयेगिरी करताहेत" हा पर्याय घेऊन ओळखपत्र जोडून करायला हवं. आधार देणार असाल तर मास्क्ड आधार काढा, शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि तेवढ्यावर थांबू नका, प्रत्येक मोठ्या ॲपला भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता साइटवर द्यावा लागतो, तिथं मेल करा. २०२१ च्या आयटी नियमांत ३(२)(ब) म्हणून नियम आहे, तोतयेगिरीची तक्रार आली की २४ तासांत काढा असं त्यात घातलं होतं. मेलमध्ये नियमाचा नंबर लिहा, माणसं जागी होतात.

तिची ताई: खूप आभार सगळ्यांचे. लिंक होती व्हॉट्सॲपमध्ये, मैत्रिणीनं पाठवलेली, जपून ठेवली. पण अकाउंट काढून टाकलं तर पोलिसांना मिळणार काय? माझा जीव तिथंच अडकलाय.

काळा कोट: हा गैरसमज फार आहे. त्याच नियमांत आहे की तक्रारीवरून काढलेला मजकूर कंपनीनं १८० दिवस तपासासाठी जपायचा, आणि अकाउंट बंद केलं तरी नोंदणीची माहिती, म्हणजे कुठल्या नंबरवरून किंवा मेलवरून उघडलं ते, पुढचे १८० दिवस ठेवायचं. म्हणजे काढून घ्यायला घाबरू नका, पण फिर्याद सहा महिने लोंबकळत ठेवू नका. पोलिसांनी कंपनीला लवकर पत्र पाठवलं पाहिजे, खरी मेख तिथं आहे. एफआयआर झाला की आठवड्यानं जाऊन पत्र गेलं का एवढंच विचारत राहा.

पुराव्याचं अजून एक. प्रिंट किंवा पेन ड्राइव्ह कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ ब म्हणायचे, आता साक्ष्य अधिनियमाचं ६३. आपल्या जालन्याच्या निवडणुकीचाच खटला होता, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, त्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे पक्कं केलं. मूळ फोनच कोर्टापुढं ठेवला आणि मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही. म्हणून इंजिनियर म्हणतात तसं, फोन जपा.

माळावरची: माझ्या मुलीच्या बाबतीत कॉलेजमध्ये असंच झालं होतं, म्हणून सांगते. कंपनीनं नाही म्हटलं की तिथं संपत नाही, वर अपील करता येतं, केंद्र सरकारच्या तक्रार अपील समित्या आहेत २०२३ पासून, सगळं ऑनलाइन, उत्तर आल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचं. आम्ही केलं होतं. आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर महिलांसाठी वेगळा भाग आहे, तिथं नाव न देता पण तक्रार करता येते, पण नाव न देता करू नका, पुढं काय झालं ते मग कळायला मार्गच राहत नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करत बसू नका, तो मुख्यतः पैसे गेले तर.

आणि सासरी सांगा. आजच. आम्ही लपवलं, मग तिसऱ्याच माणसाकडून गेलं आणि मग आम्ही लपवलं हाच विषय झाला, अकाउंट राहिलं बाजूला.

भाकरीचा चंद्र: ॲडमिनबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या विदर्भातलीच केस आहे, गोंदियाकडची. ग्रुपमधल्या एकानं बाईबद्दल घाण लिहिलं आणि ॲडमिननं त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं तो रद्द केला, आधीपासून मिळालेला असल्याशिवाय सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिन जबाबदार नाही म्हणून. इथं तर ग्रुपवर काही वाईट लिहिलेलंच नाही, फक्त बायोडाटा होता. काकांना सोडा. उलट गोडीनं घ्या, कोण कधी ग्रुपमध्ये आलं, कोण अचानक बाहेर पडलं हे त्यांना माहीत असतं.

काळा कोट: +१. आणि डेटा कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. २०२३ चा कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातही कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होणार. आणि कुणी घरगुती कामासाठी वैयक्तिक पातळीवर माहिती वापरत असेल तर तो कायदा त्याला लागतच नाही. आत्यानं ग्रुपवर टाकलं ते घरगुतीच म्हणतील. फी घेऊन चालणारं वधूवर केंद्र असतं तर गोष्ट वेगळी, पण तिथंही दंड झाला तर तो सरकारजमा, तुमच्या हातात काही नाही.

सव्वा रुपया: मगाशी टोचून बोललो, सॉरी. एक करा, नवीन एक पानी काढा, "स्थळ निश्चित झाले आहे, कृपया बायोडाटा पुढे पाठवू नये, असल्यास डिलीट करावा", फोटो नको, नंबर नको, आणि जिथनं जिथनं मूळ गेला तिथनंच तो फिरवायला सांगा. सगळे नाही पुसणार, पण निम्मे पुसतील.

तिची ताई: अपडेट देतेय, उशीर झाला, घरात कामं निघालीत.

नियमाचा नंबर घालून मेल केली आणि बहिणीनं स्वतः ओळखपत्र जोडून रिपोर्ट केलं, तिसऱ्या दिवशी अकाउंट गेलं. एफआयआर झाला, पुण्यात, दुसऱ्यांदा गेल्यावर. पोच मागितली तेव्हा त्यांनी आत बसायला सांगितलं, हे वाक्य इथल्या सगळ्यांना अर्पण. बाईच अधिकारी होत्या, तासभर बसून लिहून घेतलं, बांगड्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी फोटो मोठा करून दोनदा बघितला. संशयितात त्या मुलाचं नाव दिलंय पण त्यांनीही तेच सांगितलं, कंपनीकडून नंबर येईपर्यंत कुणाचंही नाव घराबाहेर काढू नका. भावानं पोस्ट डिलीट केली, माझ्यासमोर.

ॲडमिन काका निवळले. स्वतःहून सांगितलं की अकाउंट उघडलं त्याच आठवड्यात दोन जण ग्रुप सोडून गेले होते, दोन्ही नंबर त्यांनी दिलेत. त्यातला एकही त्या मुलाच्या घरचा नाही. मला तर आता कुणावर संशय घ्यावा तेच कळेना.

सासरी बाबांनीच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, अहो मग तिला इकडेच पाठवा आठ दिवस, रात्रीचे फोन आमचे हे उचलतील. सासरे निवृत्त पीटी मास्तर आहेत. दोन रात्री त्यांनी उचलले, तिसऱ्या रात्री फोनच आले नाहीत.

"स्थळ निश्चित" वाला कागद पण फिरवला. काल सकाळी नाशिकहून एका काकांचा फोन, बहिणीच्या नंबरवर, की बायोडाटा आजच मिळाला, मुलगी पसंत आहे, पत्रिका पाठवा.