कानासाठी स्टेम सेलची इंजेक्शनं, कोणी घेतलीत का?

करवीरचा_मामा: भाचा साडेतीन वर्षांचा, जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ती तपासणी) झाली, डॉक्टर म्हणतात कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) करा, उशीर नको. पण ताईला कोणीतरी एका क्लिनिकचा नंबर दिलाय, ते म्हणतात डोक्याला चिरा कशाला, नाळेच्या स्टेम सेलचे ४ डोस सलाईनमधून द्या, ४ लाख, कान आतून नवा होतो. भाऊजी एफडी मोडायला निघालेत. कोणाला फरक पडलाय का?

कानसेन: एफडी राहू द्या!! मी ऑडिओलॉजिस्ट आहे. आतल्या कानाच्या शंखात जेमतेम १५ हजार केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) असतात, गेल्या की माणसात परत येत नाहीत (कोंबडीला येतात, आपलं नशीब). संशोधन खरंच चालू आहे, २०१२ मध्ये शेफिल्डच्या रिव्होल्टांच्या टीमने मानवी स्टेम सेलपासून कानाच्या नसेच्या पेशी बनवून बहिऱ्या केलेल्या जर्बिलना (उंदरासारखे छोटे प्राणी) दिल्या, सरासरी ४६ टक्के सुधारणा. पण त्या आधी लॅबमध्ये घडवून थेट कानात सोडलेल्या, दंडातून सलाईनने नव्हे. आणि आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांनुसार असले उपचार फक्त ट्रायलमध्येच, त्याचे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. सीटीआरआय नंबर (सरकारकडे झालेल्या ट्रायलच्या नोंदणीचा) मागा, मग बघा फोन कसा कट होतो.

अर्धा_कान: मी स्वतः एफएक्स-३२२ वर डोळे लावून बसलेलो, ते स्टेम सेल नव्हे, कानातल्याच पेशींना जागं करणारं औषध. फेब्रुवारी २०२३ ला निकाल आला, प्लासिबोपेक्षा (औषध नसलेला खोटा डोस) काडीचा फरक नाही. तेव्हापासून कानाचं मशीन लावतो गप.

करवीरचा_मामा: पण चीनमधली मुलं ऐकायला लागली ती बातमी? ताई तेच दाखवते सारखं

कानसेन: ती जीन थेरपी हो, बिघडलेल्या जीनची चांगली प्रत कानात सोडतात, स्टेम सेल नव्हे. ओटीओएफ नावाच्या एकाच जीनमधल्या दोषासाठी, शांघायला ६ पैकी ५ मुलांना ऐकू आलं, २०२४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. भाच्याची जेनेटिक टेस्ट जरूर करा, पण त्यासाठी इम्प्लांट अडवून ठेवू नका, भाषा शिकायचं वय थांबत नाही.

लेकीचीआई: आमच्या लेकीचं इम्प्लांट एडीप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) झालं, मशीनचा खर्च सरकारी. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा, जन्मतः बहिऱ्या मुलांना ५ वर्षांपर्यंतच्या वयाची अट आहे. आणि ऑपरेशननंतर स्पीच थेरपी रोज, खरी मेहनत तीच, आमची "आई" म्हणायला आठ महिने लागले.

करवीरचा_मामा: क्लिनिकला सीटीआरआय नंबर मागितला. म्हणे "आमचं वेगळं रजिस्ट्रेशन असतं". भाऊजी शेजारीच बसून ऐकत होते. वांद्र्याला कागद काय काय लागतात ताई?