निकाल आधी ठरतो की कारणं आधी?

शंकेखोर : निकालपत्र वाचताना वाटतं की कारणं निकालाकडे घेऊन गेली. अवघड खटल्यात बहुधा उलटं होतं. अमेरिकेतले फेडरल न्यायाधीश जोसेफ हचिसन यांनी १९२९ मध्येच लिहिलं होतं की उत्तर आधी आतून सुचतं, मांडणी मागून येते. न्यूयॉर्कचा १८८९ चा रिग्ज विरुद्ध पामर बघा. नातवाने आजोबांना विष घातलं आणि मृत्युपत्रातला मुख्य लाभार्थी तोच. खुनी वारसाला बाद करणारं कलम कायद्यात नव्हतं. 'स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा घेता येत नाही' म्हणत बहुमताने त्याला वारसा नाकारला. न्या. ग्रे यांचं भिन्नमत असं, की मृत्युपत्र वैध आहे. मालमत्ता काढून घेणं म्हणजे कायद्यात नसलेली जादा शिक्षा. कायदा तोच, वस्तुस्थिती तीच. मग कारणांनी ठरवलं काय?

कलमबहाद्दर : साफ असहमत. उत्तर कसं सुचलं आणि ते टिकतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुमत लिहिणाऱ्या न्या. अर्ल यांना नुसतं तत्त्व सांगून भागलं नाही. विमाधारकाचा खून करणाऱ्याला विम्याची रक्कम मिळत नाही, हा १८८६ चा पूर्वनिर्णय त्यांनी दाखवला. शिवाय लिहिलेलं कारण पुढच्या खटल्यालाही लागतं. वारसाच्या हातून अपघाताने मृत्यू झाला तर? तिथे 'गुन्हा' या शब्दाची कसोटी लागते. मनातल्या कौलाला हे ओझं नसतं.

शंकेखोर : पण कारण किती रुंद वाचायचं हे कोण ठरवतं? ब्रिटनमधला डोनॉह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार, आणि माल बनवणाऱ्यावर थेट ग्राहकाप्रतीही काळजी घेण्याची जबाबदारी असते, हा नियम. नियम अपारदर्शक बाटल्यांपुरता, खाद्यपेयांपुरता, की ग्राहकापर्यंत न तपासता पोचणाऱ्या कुठल्याही मालाचा? तिन्ही वाचनं शक्य होती. (गोगलगाय खरंच होती का, हे कधी सिद्धच झालं नाही, तक्रार खरी धरून फक्त कायद्याचा मुद्दा ठरला.)

तळटीप : तुम्ही दोघं कायद्याच्या मुद्द्यावर भांडताय. निकाल जास्त सडतो तो पुराव्याच्या भागात. 'साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही' हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे. जबाब कुठे फिरला, कुठल्या कागदाशी विसंगत आहे, आणि ती विसंगती वादाच्या मुद्द्यावर आहे की किरकोळ तपशिलात, हे लिहावं लागतं. ते नसेल तर अपिलात तपासायला हाताशी काही उरत नाही. मी निकालपत्रात आधी हरलेल्या पक्षाचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद शोधतो. तो पूर्ण ताकदीने मांडून खोडला असेल तर कौल आधी सुचला होता की नंतर, याने मला फरक पडत नाही.

शंकेखोर : पुराव्याचं मान्य. पण तो युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडला की नाही, हे निकालपत्रावरून कळत नाही. दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद शेजारी ठेवावे लागतात.