मदत हवी आहे: शिडाच्या जहाजावर शिकाऊ म्हणून जाण्याबद्दल

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला शिडाच्या मोठ्या जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून जायचंय. आपल्या नौदलाची 'तरंगिणी' आणि 'सुदर्शिनी' (दोन्ही गोवा शिपयार्डात बांधलेल्या) प्रशिक्षणार्थी नौसैनिकांसाठी आहेत, तिथे तिला वाव नाही. म्हणून १९११ साली बांधलेल्या, तीन डोलकाठ्यांच्या डच 'युरोपा'चा विचार चालू आहे. तिथे पैसे भरून जाता येतं, अनुभवाची अट नाही. पण प्रवासी म्हणून बसून राहायचं नसतं. पाळीनुसार रात्री-अपरात्री उठून सुकाणू धरायचं, टेहळणी करायची, दोर ओढायचे. डोलकाठीवर चढून शिडं गुंडाळायला मात्र सक्ती नाही. पोरगी त्यासाठीच हटून बसली आहे, आणि मला तिचं कौतुकच वाटतं.

कुणी अशा जहाजावर राहून आलंय का? भारतीय पासपोर्टवर युरोपातल्या बंदरातून चढायचं तर व्हिसा कुठला काढावा? परतीचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर कागदपत्रं काय लागतात? तिला बस लागते, मग समुद्र किती दिवस त्रास देईल? आणि विमा अशा, डोलकाठीवर चढण्याच्या कामाला लागू होतो का? हे आधी कळलं तर बरं, तिच्या आईला तेवढंच विचारायचंय.