मदत हवी आहे: गॅस गिझर बंदिस्त ड्राय बाल्कनीत हलवला तर चालेल का?

पुण्यात भाड्याचा फ्लॅट आहे. सिलिंडरवरचा गॅस गिझर बाथरूममध्येच बसवलेला आहे. खोली लहान, काचेच्या पट्ट्यांची एकच खिडकी, थंडीत तीही बंद. अंघोळ करून आली की आई डोकं धरून बसते, गरगरतंय म्हणते. मोकळ्या हवेत बसली की बरं वाटतं. डॉक्टरांना दाखवलंय. गिझर बंद केलाय, पाणी शेगडीवर तापवतोय.

मेकॅनिकने साबणाचं पाणी लावून नळी, रेग्युलेटर तपासला, गळती नाही. पण ज्योत निळी नाही, पिवळी आहे, आणि वरच्या जाळीवर काजळी धरलीय. मालक म्हणतात, वास येत नाही ना, मग झालं. गॅस अर्धवट जळला की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच, हे त्यांना आता पटलंय. प्लंबर एक्झॉस्ट फॅन सुचवतो, पण दार-खिडकी बंद असताना पंख्याला हवा मिळणार कुठून?

मालक गिझर ड्राय बाल्कनीत हलवू देतील, खर्च माझा. पण तिला स्लायडिंग खिडक्या लावल्यात आणि तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं. वायरिंग जुनं आहे, म्हणून इलेक्ट्रिक गिझर सुचवू नका.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: एक काच कायमची काढून जाळी बसवणं पुरेल, की धूर बाहेर नेणारा पाइप लागेलच? आणि एलपीजीचा डिटेक्टर जमिनीलगत लावतात, पण कार्बन मोनॉक्साइड साधारण हवेइतकाच जड, मग त्याचा अलार्म बाल्कनीच्या दारापाशी लावायचा की आईच्या खोलीत?