ट्रिगर वॉर्निंग: बलात्काराचा कायदा शिकवताना पूर्वसूचना द्यावी का?

प्रश्न (फौजदारी_वर्ग)
पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात ‘संमती’ शिकवताना तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या बलात्कार प्रकरणाचं मूळ निकालपत्र वाचायला द्यायचं आहे. विभागात दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रत्येक वाचनावर ट्रिगर वॉर्निंग, म्हणजे ‘या मजकुराने जुन्या आघाताचा त्रास उसळू शकतो’ अशी पूर्वसूचना, सक्तीची करा. दुसरा म्हणतो, हे अमेरिकी खूळ इथे नको. पूर्वसूचनेने त्रास खरंच कमी होतो का? द्यायचीच तर नेमकी कशी?

प्रतिसाद १ (मानस_अध्यापन)
त्रास कमी होत नाही, एवढं आता बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. ब्रिजलँड, जोन्स आणि बेलेट यांनी २०२३ मध्ये १२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सूचना मिळालेल्यांनाही मजकुराचा त्रास तितकाच झाला, आकलनात फरक पडला नाही, मजकूर टाळणंही वाढलं नाही. वाढली ती आधीची धास्ती. २०२० मध्ये गंभीर आघात भोगलेल्या ४५१ जणांवर झालेल्या प्रयोगातही फायदा दिसला नाही. उलट ‘तो आघात हाच माझ्या आयुष्याचा गाभा’ ही भावना थोडी बळावली.

पीटीएसडीमध्ये, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकारात, आठवण उसळवणारी गोष्ट पुष्कळदा अगदी व्यक्तिगत असते: एखादा वास, दाराची कडी, कुणाच्या बोलण्याची ढब. शिक्षक त्याची यादी कुठून करणार? आणि ‘त्रास होऊ शकतो’ म्हणून सोडून दिलं, त्या त्रासाचं करायचं काय ते सांगितलं नाही, की हाती धास्तीच उरते.

मात्र यातले बरेच प्रयोग ऑनलाइन, छोट्या उताऱ्यांवर किंवा चित्रफितींवर झालेत. सत्रभर चालणाऱ्या वर्गाला ते जसेच्या तसे लावू नका.

प्रतिसाद २ (विधी_शिक्षक)
ट्रिगर वॉर्निंग विद्यार्थ्याला काय होईल याचं भाकीत करते. तुम्हाला हवी आहे साधी आशयाची नोंद, म्हणजे कागदावर काय आहे ते सांगणारी. ती सत्राच्या वाचनयादीतच छापा आणि वाचनाच्या आठवडाभर आधी आठवण करा. मजकूर असा पुरे:

‘आठवडा ७. तुकाराम वि. महाराष्ट्र राज्य. निकालपत्रात पोलीस ठाण्यातल्या लैंगिक अत्याचाराचं आणि वैद्यकीय तपासणीचं वर्णन आहे. न्यायालयाने संमती कशावरून ठरवली, यावर चर्चा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. हे का वाचायचं ते त्यातूनच कळतं. तास सुरू होताना ऐनवेळी केलेली घोषणा सगळ्यात वाईट. उठून जाणाऱ्या एकीकडे सगळा वर्ग बघत राहतो.

नोंद दिली म्हणून वर्णन वगळायचं नाही. अंगावर जखमा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने संमती धरली आणि नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा रद्द केली. हे डोळ्यांखालून गेल्याशिवाय चार विधी-प्राध्यापकांचं या निकालाविरुद्धचं १९७९ चं खुलं पत्र, पुरावा कायद्यातलं १९८३ चं कलम ११४अ (कोठडीतल्या बलात्कारात पीडितेने ‘संमती नव्हती’ म्हटलं तर तसंच गृहीत धरणारं) आणि निव्वळ प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही, हे २०१३ मध्ये कायद्यात का लिहावं लागलं, यातलं काहीच उमगत नाही. दोन बोटांच्या चाचणीचा (योनीत बोटं घालून पीडितेला शरीरसंबंधांची सवय आहे का ते ठरवण्याच्या पद्धतीचा) तपशीलही निकालात येतो. तिथे थांबा आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चाचणी का निषिद्ध ठरवली ते त्याच तासाला सांगा. पुढच्या तासावर ढकललंत तर तो अपमान आठवडाभर वर्गात तसाच राहतो.

विद्यार्थ्यांना पीडिता आणि आरोपी बनवून अभिरूप खटला चालवू नका, उलटतपासणी मोठ्याने वाचून घेऊ नका, नाव पुकारून मत विचारू नका. माझ्या मते एवढं पाळणं कुठल्याही सूचनेपेक्षा मोलाचं आहे.

प्रतिसाद ३ (अभ्यासमंडळ)
सक्तीला माझा स्पष्ट विरोध. अमेरिकेतही वाद तिथेच पेटला. तिथल्या प्राध्यापक संघटनेने, एएयूपीने, २०१४ च्या अहवालात विरोध नोंदवला आणि नोकरी कायम नसलेल्या शिक्षकांवर याचा दबाव अधिक येईल असं बजावलं. त्याच वर्षी हार्वर्डच्या विधी प्राध्यापक जीनी सुक यांनी लिहिलं की बलात्काराचा कायदा शिकवायला शिक्षक कचरू लागलेत. कॉर्नेलमध्ये २०२३ साली विद्यार्थी सभेने सक्तीचा ठराव केला, तो अध्यक्षा मार्था पोलॅक यांनी फेटाळला. आपल्याकडचा तासिका तत्त्वावरचा शिक्षक तर नियम मोडल्याच्या तक्रारीपेक्षा तो घटकच सोडून देईल.

फौजदारी_वर्ग
एखाद्याला त्या तासाला बसायचंच नसेल तर? हजेरीचं काय?

विधी_शिक्षक
बार कौन्सिलची अट ७० टक्क्यांची आहे, एका तासाने कुणी अडत नाही. बाहेर जायची मोकळीक सगळ्यांनाच द्या. त्याऐवजी निकालावर दोन पानी टिपण घ्या, म्हणजे अभ्यास सुटत नाही.

कारण मात्र विचारू नका, लेखी तर मुळीच नाही. पहिल्या वर्षाला १७ वर्षांची मुलं असतात. अशा मुलाने स्वतःवरचा लैंगिक अत्याचार सांगितला तर पोक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. तेव्हा ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द आधी देऊन बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वाचनयादीवरच छापा, म्हणजे तो कुणाला तुमच्याकडे मागावा लागत नाही.