सल्फाच्या गोळीसोबत फॉलिक ॲसिड घेतलं तर बॅक्टेरियाचंच फावतं का?

फार्मसी_सेकंड_इयर:
उद्या फार्माकॉलॉजीची व्हायवा आहे आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. पाबा म्हणजे पॅरा-ॲमिनोबेंझोइक ॲसिड, ते वापरून बॅक्टेरिया फोलेट (एक बी-व्हिटॅमिन, फॉलिक ॲसिड त्याचंच गोळीतलं रूप) बनवतात, सल्फा (बॅक्टेरिया रोखणारं औषध) दिसायला डिट्टो पाबासारखं म्हणून एन्झाइम फसतं, इथपर्यंत कळलं. पण पेशंटला फॉलिक ॲसिडची गोळी दिली तर बॅक्टेरियाला आयतंच मिळणार ना?? मग सल्फाचा उपयोग काय?

लॅबवाला_दादा:
बहुतेक बॅक्टेरियांना बाहेरचं फोलेट आत ओढताच येत नाही, घरीच बनवावं लागतं. आपलं उलटं, आपल्याकडे ते एन्झाइम (डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज) नाहीच, आपण पालेभाजी-डाळीतून घेतो म्हणून सल्फा आपलं ते काम अडवत नाही. एन्टेरोकोकस मात्र पक्का, तो बाहेरचं वापरतो, त्यामुळे लॅबच्या प्लेटवर कोट्रिमोक्साझोलला (सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम या दुसऱ्या औषधाची जोडगोळी) सेन्सिटिव्ह दिसला तरी आम्ही तसा रिपोर्ट देत नाही. आणि हो, औषधाच्या डिस्कभोवती वाढ थांबलेल्या झोनमध्ये पुसट धुरकट थर येतो, नवीन पोरं लगेच रेझिस्टंट लिहून मोकळी! अरे, आधीचं साठलेलं फोलेट संपेपर्यंत काही पिढ्या वाढतातच ते, हलका थर सोडून द्यायचा आणि दाट वाढीची कड मोजायची.

जुना_केमिस्ट:
खरी भीती फॉलिकची नाही, पाबाची. १९४० साली डोनाल्ड वुड्सला यीस्टच्या अर्कात सल्फाचा असर मारणारं काहीतरी सापडलं, ते पाबाच असावं असं त्याने दाखवलं, आणि थोडंसंच पाबा भरपूर सल्फाला पुरून उरत होतं. भुलीचं प्रोकेन अंगात तुटून पाबाच देतं, पुवातही ते असतं, म्हणून पू भरलेल्या जखमेत सल्फा ढेपाळतं. व्हायवात हे हमखास विचारतात, आम्हाला तरी विचारलेलं.

फार्मसी_सेकंड_इयर:
भारी! मग ट्रायमेथोप्रिम कुठे बसतं? ते ज्या एन्झाइमला अडवतं, ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज तर आपल्याकडेही आहे की.

लॅबवाला_दादा:
ते पुढच्या पायरीवर. आपल्याकडे आहे, पण ट्रायमेथोप्रिम बॅक्टेरियाच्या एन्झाइमला हजारो पट घट्ट चिकटतं. कोट्रिमोक्साझोलच्या साध्या गोळीत ८० मिग्रॅ ते आणि ४०० मिग्रॅ सल्फामेथॉक्साझोल, म्हणजे त्यातलं सल्फा.

जुना_केमिस्ट:
टोक्सोप्लाझ्मात (एका परजीवीचा संसर्ग) पिरिमेथामिन (ट्रायमेथोप्रिमसारखंच, पण आपल्या एन्झाइमलाही अडवणारं) आणि सल्फाडायझिन हे सल्फा यांच्यासोबत फोलिनिक ॲसिड (त्या एन्झाइमशिवाय वापरता येणारं फोलेट) मुद्दाम देतात, पेशंटचा बोनमॅरो सांभाळायला. फोलिनिक हां, फॉलिक नाही. घाईत तिथेच जीभ घसरते.