विज्ञानकथा मालिकांचं लेखन: सोलापुरातून सुरुवात कशी करावी?

सात रस्ता: धाकटी बहीण बी.एस्सी. झाली आहे. तिला विज्ञानकथा मालिका लिहायच्या आहेत. अमेरिकन मालिका-लेखिका डी. सी. फोंटाना यांची वाटचाल कशी होती? इथे राहून तिने काय करावं?

होटगी रोड: डोरोथी फोंटाना आधी सेक्रेटरी होत्या. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या टीव्ही मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये दुसऱ्या लेखकाची अडलेली पटकथा त्यांनी नव्याने लिहून दिली आणि त्या स्टोरी एडिटर, म्हणजे मालिकेच्या कथा-पटकथा बघणाऱ्या संपादक झाल्या. मालिकेतल्या स्पॉक या अर्ध्या परग्रहवासी पात्राचे आईवडील पडद्यावर आले ते त्यांनी लिहिलेल्या १९६७ च्या भागात. अंतराळातल्या कथेतही त्यांनी बाप-लेकाचा अबोला धरला, आणि माझ्या मते शिकण्यासारखं तेच आहे. पुरुषांच्या त्या क्षेत्रात संहिता बाईचं नाव बघून बाजूला पडू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरं लावली.

विजापूर रोड: ताईंना आधी एकच भाग पूर्ण लिहू द्या. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. जाहिरातींच्या जागी प्रसंग अर्धवट ताणून सोडायचा. नवशिक्यांचं बिघडतं ते पहिल्या दहा पानांत: यंत्र कसं चालतं हेच पात्रं एकमेकांना समजावत बसतात. कथेतल्या जगाचा नियम एकच ठेवा, तो मोडला तर कोणाचं काय जातं ते दाखवा. अंतराळयान महाग पडतं, बंद खोली आणि आवाज स्वस्तात होतात.

होटगी रोड: कुठेही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये संहितेची नोंदणी करा. ती ऑनलाइन होते. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, म्हणून सविस्तर लिहिलेलीच संहिता नोंदवा.